सुरंगीच्या रस्त्यावर तारांचा सूर

दादरा-नगर हवेली म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना दुधनीचं बोटिंग, खानवेलची रिसॉर्ट्स आणि फार तर मधुबन धरण आठवतं. सुरंगी कुणाला आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. सिल्वासाच्या खानवेलकडच्या बाजूचं हे गाव. भातखाचरं, सागाची झाडं, पाडे आणि त्यांच्या मधूनच उठलेल्या कारखान्यांच्या पत्र्याच्या लांबलचक शेड. मी गेलं वर्षभर तिथल्या एका धाग्याच्या कारखान्यात कामासाठी जातो. पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ देताना मशीनवर प्रत्येक धाग्याचा ताण सतत मोजला जातो. त्या आकड्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. म्हणजे दिवसभर ताणच बघायचा. (हा विनोद कारखान्यात सगळ्यांनी करून झालाय.)

सिल्वासात मुक्काम असला की मी सायकलने जातो. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी हा रस्ता पाहण्यासारखा असतो. एका बाजूने ट्रक आणि कंपन्यांच्या बस, आणि कडेकडेने डबे लटकवलेल्या काळ्या सायकली. मोटरसायकली वाढल्या, तरी लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या बऱ्याच जणांचं पोट अजून या सायकलीवर आहे. पाळी चुकली तर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. पावसाळ्यानंतर इथले खड्डे पाहिलेत तर कळेल की त्या सायकलीचा सगळ्यात नाजूक भाग कुठला. मागचं चाक.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक सायकल दुरुस्तीवाले काका बसतात. मूळचे तलासरीकडचे. वारली मिसळलेली मराठी बोलतात, त्यामुळे आमचं लगेच जमलं. गेल्या ऑक्टोबरात मी टायरमध्ये हवा भरत होतो, तेवढ्यात एक पोरगा घाईघाईने आला. मागचं चाक डावी-उजवीकडे इतकं डुलत होतं की चिमट्याला घासत होतं. दोन तारा तुटलेल्या. ‘काका, फक्त आउट काढून द्या, सातची पाळी आहे.’

काकांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि तारांवरून पान्याची मूठ घरंगळत नेली. टण, टण, थड, थड, टण. मग म्हणाले, ‘आउट आत्ता काढतो. पण संध्याकाळपर्यंत अजून दोन तुटतील. मग काय करशील?’ पोरगा गप्प. काकांनी स्वतःची सायकल त्याच्यापुढे केली. ‘ही घेऊन जा. सुटल्यावर तुझी ने.’

मला हे फार आवडलं, आणि काका काय म्हणत होते ते आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही इंजिनिअरला पटलं असतं. आपण चाक सरळ आहे का एवढंच बघतो. पण सरळ असणं हा चाकाचा गुण नाही, परिणाम आहे. खरा गुण ताण. एक तार सैल आणि तिच्या समोरची आणखी सैल करून चाक घटकाभर सरळ दिसू शकतं. टिकत नाही.

याचं कारण जरा उलटं वाटतं. चाकाच्या तारा जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या. त्या वजन पेलतात ते खांबासारख्या उभ्या राहून नव्हे. त्या आधीच ओढून ठेवलेल्या असतात. चांगल्या चाकात एकेका तारेवर साधारण १०० किलोचा ताण असतो. ३२ तारांचं चाक धरलं तर कुणी बसण्याआधीच रिम आतल्या बाजूला तीन टनांनी ओढली जातेय! आपण बसलो की जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांना फारसं कळतही नाही. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन इंजिनिअरने १९८१ साली चाकावर एक आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे.

आता मुळातच सैल असलेली तार घ्या. खाली आली की तिचा ताण शून्यावर जातो, वर गेली की परत येतो. हबपाशी तार जिथे वाकवलेली असते तिथे ती दर फेऱ्याला लवते. तो पोरगा रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर चालवतो. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला आठ हजार वेळा. लोखंडी तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवून तोडतो आपण, तसंच हे. म्हणून सैल तार आधी तुटते, घट्ट नाही. शिवाय सैल तारेचं निपल हादऱ्याने आपोआप उलगडत जातं ते वेगळंच.

दुपारच्या सुट्टीत मी मुद्दाम परत गेलो. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. काकांनी मागच्या चाळीसच्या चाळीस सैल करून, तुटलेल्या बदलून, सगळ्या निपलांना तेलाचा थेंब देऊन पहिल्यापासून कसायला घेतल्या होत्या. आधी चाक गोल आहे का, म्हणजे वर-खाली उडी मारतंय का, ते बघायचं, मग डावी-उजवी. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही. अधूनमधून दोन्ही हातांनी तारांच्या जोड्या करकचून दाबायच्या, म्हणजे त्या आपापल्या जागी बसतात. मग पुन्हा टण टण. मोजायला मीटर नव्हता. हाताशी खडू होता, आणि कान.

कान पुरतो, हे गणितानेही खरं आहे. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. शेजारच्या दोन तारांत सा आणि रे एवढा फरक ऐकू आला, तर ताणात २५ टक्क्यांहून जास्त फरक आहे असं समजा. तंबोरा लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. १९५४ साली सिल्वासाच्या मुक्तीसाठी सुधीर फडके स्वतः इथे आले होते. त्या मुलखात सुराची गोष्ट निघावी, याची मला उगाच गंमत वाटली.

किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून मोजतात. काकांच्या ताडपत्रीकडे बघताना मला तेही आठवलं. पण काकांचा मुलगा कारखान्यात लागलाय. बसून चाक बांधायला कुणी शिकायला येत नाही, आणि तयार चाकं ठोकमध्ये मिळतात. मशीनवर बांधलेलं चाक वाईट नसतं. फक्त शेवटचा हात त्यावर फिरलेला नसतो. मी माझ्या सायकलची चाकं पुण्यात हाताने बांधून घेतली, त्याला लोक हौस म्हणतात. इथे तेच काम सातच्या पाळीसाठी चालतं.

तुमच्या घरात मुलांची सायकल असेल तर रविवारी हे करून बघा. चाक उचलून सगळ्या तारा एकेक करून बोटाने छेडा. पुढच्या चाकात दोन्ही बाजू साधारण एका सुरात हव्यात (डिस्क ब्रेक असेल तर थोडा फरक चालतो). गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाची उजवी बाजू डावीपेक्षा चढ्या सुरात असते. गिअरच्या चकत्यांना जागा देण्यासाठी उजव्या तारा जास्त उभ्या बसवतात, त्यामुळे डाव्या बाजूला निम्म्याहून थोडा अधिक ताण पुरतो. तो दोष नाही, तिकडे पाना लावू नका. एकाच बाजूच्या तारांत मात्र एखादी ‘थड’ वाजली तर दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि ‘आउट काढा’ असं न म्हणता ‘तारा एकसारख्या करून द्या’ म्हणा. नव्याने बांधलेलं चाक पहिल्या काही मीटरला टिक-टिक वाजलं तर घाबरायचं नाही, पीळ बसलेल्या तारा मोकळ्या होत असतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर मात्र एकदा परत दाखवायचं.

तो पोरगा दिवाळीनंतर तसा दाखवायला आला होता. काकांनी चाळीस तारा वाजवल्या, डावीकडच्या दोन निपलांना पाव-पाव फेरा दिला आणि पैसे घेतले नाहीत.