अंगठीची साक्ष

परवा सायंकाळी कोपरखैरण्याच्या आमच्या घरी सज्जात बसलो असता भाचा सहज बोलून गेला, "मामा, ती माझी मैत्रीण आहे. लग्नाचा विचार दोघांच्याही मनात नाही. जे काही आहे, ते आम्ही आधीच बोलून ठरविले आहे." त्याचे वय सत्तावीस, नोकरी जवळच, महाप्याला. 'जे काही' या दोन शब्दांचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. माझी जीभ प्रथम उपदेशासाठीच वळवळली. परंतु मी ती आवरली. त्यास कारण माझाच एक जुना अपराध होय.

तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकविले. शाकुंतलाचा विषय निघाला, की पाचव्या अंकात शार्ङ्गरव शकुंतलेला लावतो ते बोल मी मोठ्या रसाने समजावून देत असे, आणि शेवटी मुलींच्या बाकांकडे पाहत असे. मुलांच्या बाकांकडे एकदाही पाहिल्याचे स्मरत नाही. एके वर्षी एका मुलीने विचारले, "गुरुजी, विसरला राजा, मग बोल तिला का?" मी तिला खाली बसविले. उत्तर नव्हते म्हणून बसविले, हे आज कबूल करतो.

वास्तविक महाभारतातील शकुंतला अधिक सावध आहे. आपल्या पुत्रास राज्य मिळावे, अशी अट घालूनच ती गांधर्वविधीस संमती देते. तेथे दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. राजाला सारे आठवत असते, तरी तो भर सभेत नाकारतो. म्हणजे अट घाला वा न घाला, साक्षीदार नसलेल्या संबंधाचे ओझे ज्याला तो जपावासा वाटतो त्याच्याच माथी येते.

हा प्रश्न आजचा नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्रीपुरुषसंबंधांविषयी निर्भीडपणे लिहिले, त्यापायी खटले सोसले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. त्याच कर्व्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावरही पुस्तके लिहिली, हे मात्र आपण सोयीने विसरतो. स्वातंत्र्याबरोबर खबरदारी येते, हा त्यांचा धडा मला आता पटतो.

कायदाही आता यात शिरला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ अन्वये, पाळण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माझ्या भाच्याने असले वचन दिलेले नाही. त्यामुळे कायदा त्याला काही विचारणार नाही. म्हणूनच कोणीतरी विचारणे मला अगत्याचे वाटले.

"ठरविलेत केव्हा?" मी विचारले.

"दीड वर्ष झाले."

"त्यानंतर पुन्हा कधी विचारलेस?"

तो गप्प राहिला. गेल्या श्रावणात हा तापाने फणफणला होता, तेव्हा हीच मुलगी सलग तीन दिवस पेजेचा डबा घेऊन आली होती. तो डबा तुमच्या ठरावाच्या कोणत्या कलमात बसतो, असे मी विचारले. तो हसला नाही. कदाचित मन तिचे गुंतले असेल, कदाचित त्याचेच. मला ते कसे कळावे? परंतु मन ही काही दस्तऐवजाची नोंद नव्हे, की एकदा केली आणि काम संपले. संमती एकदाच द्यावयाची नसते, आणि एकदाच विचारावयाचीही नसते.

थोड्या वेळाने त्याने पायांत वहाणा सरकविल्या आणि तो स्टेशनाच्या दिशेने निघाला. रात्री उशिरा परतला. ती काय म्हणाली, ते मी विचारले नाही. ते त्या दोघांचे.

मला मात्र ती बाकावरची मुलगी आठवत राहिली. आज ती कोठे आहे, ठाऊक नाही. भेटली, तर उत्तर देण्याआधी तिची क्षमा मागावयाची आहे.