आईचा रेशमी गालिचा

आमच्या घरातील वेदीपुढे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक काश्मिरी गालिचा अंथरलेला असतो. सैन्यात नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या भावाने 1986 साली श्रीनगरहून सुटीवर येताना तो आईसाठी आणला होता. हस्तिदंती रंगाची जमीन, तिच्यावर चिनाराची पाने आणि सभोवती डाळिंबी काठ. एका टोकाने पाहावे तर तो गडद दिसतो आणि दुसऱ्या टोकाने पाहावे तर उजळ. इतकी नाजूक वस्तू पायाखाली कशी घालायची, या विचाराने आईने तो काही महिने पेटीतच ठेवला होता. पुढे तिनेच तोड काढली. पायाखाली नव्हे, गुडघ्याखाली घालायचा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती त्याच्यावर गुडघे टेकून रोझरी म्हणू लागली.

1991 सालच्या पुनरुत्थान सणाच्या रात्री वेदीवरची मेणबत्ती कलंडली आणि वितळलेले मेण गालिच्याच्या एका कोपऱ्यावर सांडले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. मला स्वच्छतेचा मोठा अभिमान! मी पाणी उकळले, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, ब्रश घेतला आणि तो कोपरा मनसोक्त घासला. मग गालिचा कुंपणाच्या भिंतीवर भर उन्हात वाळत घातला. दुपारी पाहिले तेव्हा मेण गेले होते, परंतु डाळिंबी रंग हस्तिदंती जमिनीवर वीतभर पसरला होता आणि त्या जागेची चमक पार मावळली होती.

मी खाली मान घालून गालिचा आईपुढे धरला. ती म्हणाली, "मेण गेलं ना? मग झालं." इतकेच. तिने गालिचा उलट दिशेने फिरवून अंथरला, डागाचा कोपरा स्वतःच्या बाजूला घेतला. ती गुडघ्यांवर बसली की डाग तिच्या लुगड्याखाली झाकला जाई. पुढची अठरा वर्षे तिने गालिच्याची दिशा बदलली नाही आणि त्या डागाविषयी चकार शब्द काढला नाही.

2009 साली आई प्रभुघरी गेली. दुसऱ्या वर्षी मी तो गालिचा मुंबईतील एका वृद्ध काश्मिरी रफूगराकडे घेऊन गेलो. त्याने गालिचा उलटा केला आणि पाठीवर पट्टी ठेवून गाठी मोजल्या. इंचाला उभ्या अठरा आणि आडव्या अठरा, म्हणजे एका चौरस इंचात 324. मी मनाशी गुणाकार केला. एवढ्याशा गालिच्यात सुमारे 2 लाख 80 हजार गाठी होत्या आणि त्यातील प्रत्येक गाठ कोणाच्या तरी बोटांनी मारलेली होती. कोणत्या रंगाच्या किती गाठी घालायच्या, हे सांगणारी एक सांकेतिक लिपी काश्मिरात असते, तिला 'तालीम' म्हणतात. पंधराव्या शतकातील सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळी ही कला तेथे रुजली, असे परंपरा सांगते.

दोन जागी लव झिजून आखूड झाली होती, तेथे रफूगराने बोट फिरवले. त्या आईच्या गुडघ्यांच्या जागा होत्या. येथे नव्या गाठी भराव्या लागतील का, असे मी विचारले. तो म्हणाला, येथे काही बिघडलेले नाही. लव झिजली आहे, परंतु गाठी शाबूत आहेत. मग त्याने डागाच्या कोपऱ्यावर नख लावले. रेशमाचा भुगा त्याच्या बोटाला लागला. मेला आहे तो हा भाग, असे तो म्हणाला. खालचे उभे-आडवे धागे सुती म्हणून तेवढे तगले होते. तेवीस वर्षांच्या गुडघ्यांनी जे केले नव्हते, ते माझ्या एका सकाळच्या स्वच्छतेने केले होते.

त्याचे कारण मला नंतर उमगले. रेशीम म्हणजे किड्याच्या लाळेचा वाळलेला तंतू. आपल्या केसांसारखे तेही एक प्रथिन आहे. सोड्यासारखा क्षार, विरंजक चूर्ण आणि प्रखर ऊन हे त्याचे वैरी. कपडे धुण्याच्या आजच्या अनेक पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग पचवणारी विकरे असतात. ती डाग आणि रेशीम यांच्यात भेद करीत नाहीत. ओल्या रेशमाची ताकदही उणावते, आणि नेमके तेव्हाच आपण ब्रश उचलतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. त्याची लव लोकरीची आणि ताणा-बाणा रेशमी. त्याचे रंग टिकावेत म्हणून तेथे दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटे दिवे लावतात. मी मात्र आमचा गालिचा वसईच्या एप्रिलच्या उन्हात टाकला होता!

मेण सांडले तर काय करावे, हे त्या रफूगराने मला शिकवले. पिशवीत बर्फ घालून ती मेणावर ठेवावी, मेण कडक झाले की चमच्याच्या बोथट कडेने अलगद सोडवावे. पाणी किंवा चहा सांडल्यास पांढऱ्या सुती फडक्याने नुसते टिपावे, घासू नये. धूळ काढायची ती लवेच्या दिशेने, मऊ हाताने. गालिचा दोरीवर टाकून बडवू नये. पावसाळ्यात तो घडी न घालता, सुती कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते. अधूनमधून उघडून कसर लागली आहे का ते पाहावे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने कसरीचा उल्लेख केला आहे तो उगाच नव्हे. परंतु कसरीइतकाच घात अडाणी उत्साहही करतो, असे मला अनुभवाने वाटते. मुलांना वळण लावताना, दुसऱ्याचे दोष काढताना मी किती वेळा उकळते पाणी आणि सोडा वापरला असेल, याचा हिशेब आता या वयात मांडतो आहे.

रफूगराने डाग थोडा फिका केला, काठ बांधून दिला. गुडघ्यांच्या जागांना मी हात लावू दिला नाही. निघताना त्याने बजावले, की दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवीत जा, म्हणजे झीज एकाच जागी पडणार नाही. मी ते नेमाने पाळतो. त्यामुळे वर्षातील सहा महिने तो डाग वेदीकडे असतो आणि सहा महिने माझ्या गुडघ्यांपाशी. त्याला झाकायला आता आईचे लुगडे नाही.