पाळकाची बंद खोली

ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या खाजगी प्रार्थनेविषयी आम्ही दोघा मराठीच्या अध्यापकांनी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही दोघेही ख्रिस्ती नाही. परंतु उमरेडसारख्या गावात वर्षानुवर्षे ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना हा विषय आडवाटेने आमच्यापर्यंत आला, आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो टाळणे अशक्य करून ठेवले. हा विद्यार्थी आता नागपूर जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीचा पाळक आहे. एका रविवारी उपासना आटोपून तो दुपारी घरी आला आणि म्हणाला, “सर, दिवसातून सात-आठदा प्रार्थना म्हणतो. आजाऱ्याजवळ म्हणतो, नव्या घरात म्हणतो, शाळेच्या गॅदरिंगला म्हणतो. त्यातली माझी एकही नाही.” राजीनामा द्यावा की काय, इथवर त्याचा विचार गेला होता.

त्याला आमच्याकडून धर्मोपदेश नको होता. तो देणारे त्याला वरिष्ठ आहेत. त्याला हवे होते रेव्हरंड टिळक. ते नेमके काय करत, हा त्याचा प्रश्न होता.

नारायण वामन टिळकांच्या कथेचा आरंभ आमच्याच मुलखातला आहे. नागपुरात बुटींच्या आश्रयाला राहिलेले टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरते. पुढे प्रश्न येतो तो लक्ष्मीबाईंच्या विनोदावर. त्याच प्रवचनात, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून करावी, असा अर्थाचा भाग आहे. आणि ज्याचे दार सदैव उघडे, ज्याच्या घरात कोणीही केव्हाही येऊन राहावे, अशा माणसाने हे दार कधी लावले असेल, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला आम्हांला आठवत नाही.

लक्ष्मीबाईंनी रंगवलेले टिळक लहरी, उधळे, तापट आणि विलक्षण प्रेमळ आहेत. घड्याळ लावून एकांतात बसणारा माणूस त्यांच्यात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. हाती लागतात ते अभंग. ‘अभंगांजली’तील रचना आम्ही काव्य म्हणून वाचतो, ‘उपासना संगीत’ हातात घेऊन गाणाऱ्या मंडळीला त्यातली टिळकांची पदे स्वतःची प्रार्थना वाटतात. आमच्या मते टिळकांची बंद खोली म्हणजे हा अभंगाचा घाट होय. तो त्यांना तुकारामांकडून मिळाला, आणि ते ऋण त्यांनी कधी लपवले नाही. कीर्तनात हजारोंसमोर उभे राहणारे तुकोबा भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जात, ही परंपरेने जपलेली आठवण येथे फार मोलाची आहे. चारचौघांत देवाविषयी बोलणे ज्याच्या वाट्याला आले त्याला डोंगर लागतोच. (स्टीफन हिस्लॉपना तो कुठे मिळाला असेल? १८४५ पासून नागपुरात शाळा, भूगर्भशास्त्र, गोंडांच्या भाषेचा अभ्यास, आणि १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात मृत्यू. एवढ्या धावपळीच्या आयुष्यात एकांत शोधायचा तर तो घोड्यावरच्या प्रवासात असावा, अशी आमची कल्पना. असो.)

आमच्या पाळकाला टिळकांपेक्षा जवळचे वाटले ते नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे. १८४८ मध्ये बाप्तिस्मा, १८७० मध्ये अँग्लिकन पुरोहितपद; आणि तरी आयुष्यभर शंकांनी पोखरलेला हा पंडित. त्या पंथात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना पुरोहिताला बंधनकारक असते, आणि दीडशे स्तोत्रे तीस दिवसांत वाटून दिलेली असतात. आज अमुक तारीख, म्हणून आज अमुक स्तोत्र. मन लागो वा न लागो. शंका असलेल्या माणसाला असा नेम जाचक वाटेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पाळकाचे म्हणणे उलट होते: “शंका असली की शब्द सुचत नाहीत. तेव्हा कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले शब्द बरे.”

येथे आम्हा दोघांत मतभेद आहे. एकाच्या मते नेम हा भावनेचा शत्रू. ठरल्या वेळी म्हटलेले शब्द हळूहळू तोंडचे पाणी होतात, आणि आमच्या मित्राचा रोगच मुळी अतिपरिचयाचा होता. दुसऱ्याच्या मते हरिपाठ म्हणणारा वारकरी आज भाव दाटला की नाही याचा हिशेब ठेवत नाही. तो बसतो, म्हणतो, उठतो. वर्षांनी त्याला विचारावे. वाद मिटला नाही, पण पाळकाने दुसरा पक्ष उचलला. पहाटे पाच ते पावणेसहा. एक स्तोत्र, मोठ्याने. मग वहीत मंडळीतल्या दोन नावांपुढे दोन ओळी. मग काहीही नाही, नुसते बसणे. आणि एक अट, जी त्याची स्वतःची आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते: पहाटे वाचलेले त्या रविवारच्या प्रवचनात वापरायचे नाही. ज्याचा धंदाच शब्दांचा आहे त्याचे प्रत्येक वाचन लगेच उपयोगाला जुंपले जाते. कविता वाचावी तर टिपण तयार होते, स्तोत्र वाचावे तर प्रवचनाचे तीन मुद्दे. ही अट त्या जुंपण्यावरच घाव घालते. साहित्याच्या अध्यापकांनी तिचा विचार करून पाहावा.

तिसऱ्या आठवड्यात मंडळीत एक मयत झाली आणि चार दिवस नेम मोडला. चुकलेली चार स्तोत्रे एकदम म्हणून टाकावीत का, असे त्याने फोनवर विचारले. नेमाचा कैवार घेणाऱ्या आमच्यातल्याने सांगितले की तारखेचे म्हणावे, मागचे सोडावे. महिना फिरून येतोच.

राजीनाम्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. प्रार्थनेत काही ‘लाभले’ का, हे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. अडचण आली ती वेगळीच. पाळक पाऊण तास फोन उचलत नाहीत, ही गोष्ट मंडळीतल्या एका ज्येष्ठांना रुचली नाही. रात्री-पहाटे कोणाला दवाखान्यात न्यावे लागले तर काय, असा त्यांचा सवाल. आणि तो सर्वस्वी रास्त आहे. टिळकांनी अशा वेळी काय केले असते याविषयी आम्हांला शंका नाही: ते उठून गेले असते. आमचा विद्यार्थी टिळक नव्हे. त्याने फोन पत्नीजवळ ठेवला आहे, आणि खरोखर गरज असेल तर दार वाजवायचे असे ठरले आहे. आतापर्यंत ते दोनदा वाजले.