सेवावर्षाची वही : काही पाने

१७ जून २०२४, सोमवार. पुणे

सेवावर्षाच्या वसतिगृहात वरचा पलंग मिळाला. एकमेकींची नावं अजून पाठ नाहीत, म्हणून गावावरूनच हाका चालल्या आहेत. जालनेकर, मिरजकर, आणि मी नेवासकर. मुलांच्या बाजूला एक नवापूरकर आहे. मावची बोलतो आणि मराठीत मोजून चार शब्द टाकतो. एक मुंबईकर आहे. त्याच्याकडे गिटार असल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी गीतांचा पुढारी तोच झाला. पेटी कोपऱ्यात कापडाखाली होती. जालनेकरनं कापड काढलं, भाता दाबला, दोन पट्ट्या मुक्या आहेत म्हणाली आणि त्या चुकवून वाजवत राहिली.

वेळापत्रक भिंतीवर लागलं आहे. पहाटे पाचला एकांतप्रार्थना, मग झाडलोट, सकाळभर शास्त्रपाठ आणि दुपारी काम. काम म्हणजे स्वयंपाकघर, बाग किंवा संडास, आठवड्याच्या पाळीनं. अर्धी फी आपल्या मंडळीनं द्यायची, अर्धी आपण.

रात्री सगळ्यांच्या साक्षी झाल्या. बहुतेकांना शिबिरात, शेवटच्या रात्री, रडता रडता देवाचं पाचारण झालं होतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, आजी बायबलबाई होती, आई संडेस्कूल घेते, मी बीए झाले, नोकरी लागली नाही आणि पाळकसाहेबांनी फॉर्म आणून दिला. हशा पिकला. आमचं सेवावर्ष पाहणाऱ्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

३ जुलै

आज मंडळीच्या इतिहासाचा तास टिळकांवर. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालणार होते. दोनच वर्षांत, १९१९ साली, ते गेले. सरांनी हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मिरजकरनं हात वर केला : “सर, पगार सोडल्यावर घर कसं चाललं?” सर म्हणाले, देवानं चालवलं. मला वाटतं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी चालवलं असणार. पण ते मी वर्गात बोलले नाही, स्वयंपाकघरात बोलले. तिथे पाच जणींनी माना डोलावल्या.

१० ऑगस्ट, शनिवार. केडगाव

सकाळच्या गाडीनं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला आलो. त्यांचं नाव लहानपणापासून ऐकते, पण तारखा शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. १८८२ साली नवरा वारला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. कडेवर तान्ही लेक मनोरमा. आई, वडील, भाऊ आधीच गेलेले. त्याच वर्षी त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ छापून आलं आणि पुढच्या वर्षी त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या. मीही तेवीस वर्षांची आहे. तुलना करायची नाही असं ठरवूनही दिवसभर तीच चालली होती.

दाखवायला आलेल्या मावशींनी १९०५ च्या संजीवनाबद्दल पुष्कळ सांगितलं. रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, रडणं, पश्चात्ताप. आमच्यातले बरेच जण तिथे डोळे मिटून उभे राहिले. मला मात्र छापखान्याबद्दल ऐकायचं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी पोरी उचलून आणल्या. हाडांचे सापळे झालेल्या, भाषाही वेगळी असलेल्या. पुढे इथल्या मुली-बायका खिळे जुळवायला शिकल्या. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध बायबल स्वतः मराठीत आणलं आणि ते इथेच, या बायकांच्या हातांनी छापलं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ साली.

परत येताना गाडीत वाद झाला. मुंबईकर म्हणे, संजीवन आधी झालं म्हणून बाकीचं घडलं. जालनेकर म्हणे, आधी पोरींना पोटभर जेवण मिळालं म्हणून संजीवन झालं. नवापूरकर खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, “तिथली विहीर कोणी खणली?” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. वर्षाच्या शेवटी या माणसाला उपदेश करायला लावावं. तो एका वाक्यात आटपेल.

१५ सप्टेंबर

संडासाची पाळी. काही नवीन नाही.

२ ऑक्टोबर

क्षेत्रकार्याच्या जागा जाहीर झाल्या. मुंबईकर आणि मिरजकर शहरातल्या रुग्णालयात. मी, जालनेकर आणि नवापूरकर नगर जिल्ह्यात, एका साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर. मुदत तीन आठवडे. सोबत अहवालाचा फॉर्म. त्यातले रकाने : किती घरभेटी, किती जणांशी संपर्क, किती जणांना सुवार्ता सांगितली, किती जणांनी प्रार्थनेची विनंती केली. सगळीकडे ‘किती’. ताईंना विचारलं, एखाद्याला मुळाक्षरं आली तर कुठे लिहायचं? त्या म्हणाल्या, “इतर माहिती.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मलाही वर पाठवावा लागतो गं हा कागद.”

ताईंचे स्वतःचे नियम वेगळे आहेत आणि ते कागदावर नाहीत. मुलांना शिकवायला गेलात तर शिकवायचंच. कोणी मागितल्याशिवाय झोपडीत प्रार्थना नाही. वस्तू वाटायच्या त्या सगळ्यांना, आणि वाटताना येशूचं नाव घ्यायचं नाही. कोणी स्वतःहून विचारलं तर लपवायचंही नाही. मुंबईकरला हे पटलं नाही. लाज वाटते का आपल्याला, असं तो म्हणाला. ताई म्हणाल्या, “भुकेल्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या हो ला काय किंमत?” माझ्या मते या वर्षातला सगळ्यात चांगला शास्त्रपाठ हाच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. तळावर

यंदा निवडणूक होती. मतदान करून मग टोळ्या निघाल्या, त्यामुळे तळ आत्ता कुठे भरतो आहे. बहुतेक माणसं बीडची. उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, माणूस वाकूनच आत जातो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुकादमानं उन्हाळ्यातच दिलेली उचल या कोयत्याच्या डोक्यावर. फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस आजारी पडलं की खाडा.

आम्ही गावातल्या एका भावकीच्या पडवीत राहतो. पहाटे चारला तळावर चुली पेटतात. सहाला सगळा तळ रिकामा होतो आणि उरतात पोरं, म्हातारी माणसं नि कुत्री. दहाबारा वर्षांच्या मुली शाळेत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर भाऊ आहे. नवापूरकरनं पहिल्याच दिवशी दोन बांबूंना लुगड्याची झोळी बांधली, त्यात दोन तान्ही घातली आणि दोन मुली मोकळ्या केल्या. नंतर पाटी काढली.

३० नोव्हेंबर

मुकादम आला. मोटारसायकल न थांबवताच विचारलं, “बाटवायला आलात का?”

मी उत्तर जुळवत होते. नवापूरकर म्हणाला, “मुकादम, मी पाढे शिकवतो. सतराचा येतो का तुम्हाला?”

मुकादम एकोणसत्तरपर्यंत गेला— सतरा चोक अडुसष्ट म्हणायचं होतं त्याला— आणि पोरं खिदळली. तोही हसला. पण गाडी वळवताना म्हणाला, माझं लक्ष आहे. असू दे. त्याच्या टोळीची पोरं आहेत, लक्ष असायलाच हवं.

लोकांना वाटतं ख्रिस्ती झालो म्हणून आम्हाला कुठून तरी पैसा मिळतो. खरा हिशेब उलटा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. माझ्या पणजोबांना वाडीबाहेरचं पाणी प्यावं लागत होतं. बाप्तिस्म्यानंतर पाण्याची जागा बदलली नाही, फक्त कागदावरची जात गेली. भावाच्या प्रवेशाच्या वेळी वडील तहसील कचेरीतून परत आले ते काही न बोलता जेवले. हे मुकादमाला सांगावं असं वाटलं होतं. सांगितलं नाही, कारण तो ते ऐकायला थांबला नसता.

९ डिसेंबर

गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना भेटलो. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. त्यावर मूल कितवीत आहे, काय येतं, हे लिहिलेलं असतं आणि तो कागद दाखवला की इथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. तळावरच्या बहुतेक आयांनी हा कागद पाहिलेलाच नाही. दोघींकडे होता, एकीनं पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेला. गुरुजी म्हणाले, “कागद नसला तरी आणा हो, मी बसवतो. पण आणणार कोण?” शाळा तळापासून लांब, मध्ये हमरस्ता, त्यावरून उसाचे ट्रॅक्टर.

आणणार कोण याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जालनेकर. पुढे ती, मागे पोरांची रांग.

१२ डिसेंबर

एका मुलीला गुणाकार शिकवायला बसले. नऊदहा वर्षांची असेल. म्हणाली, दोन टनाचे सातशे बत्तीस. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये, हे तिला आईच्या पोटातून आल्यासारखं माहीत आहे. तीन टन? एक हजार अठ्ठ्याण्णव. पण कागदावर ३६६ लिहिता येत नाही. मग आकडे तिथूनच सुरू केले. तीन, सहा, सहा. संध्याकाळी तिनं ते कोयत्याच्या मुठीवर कोळशानं काढलं आणि आईची बोलणी खाल्ली.

तिची आई कमरेला पट्टा बांधून काम करते. गर्भपिशवी काढली आहे, वय तिशीच्या आतच. बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली होती, हे मी पुण्यात वाचलं होतं. इथे ती बाई मला म्हणाली, “पाळी आली की खाडा पडतो ना बाई.” पुढे काय बोलायचं ते मला कोणत्याही तासाला शिकवलेलं नाही, आणि शिकवता येईल असं वाटतही नाही. मोळी बांधायच्या पाचटाचा ढीग तिच्याजवळ सरकवत बसले.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

सकाळी नेवाशाला जाऊन उपासना करून परत आले. तळावर काही करायचं नव्हतं, तसा नियमच. पण मुकादमच संध्याकाळी म्हणाला, तुमचा सण आहे ना, मग गप्प का? बायकांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. एक माळकरी आजोबा टाळ घेऊन बसले, त्यांचे अभंग झाले. मग आमच्याकडे पाहिलं. जालनेकरनं टिळकांचं एक भजन लावलं. टिळकांनी अभंग लिहिले, त्यामुळे आजोबांचा टाळ दुसऱ्याच ओळीला बरोबर बसला. संपल्यावर त्यांनी विचारलं, “कोण बुवा हे?” मी सांगितलं, टिळक, कोकणातले, ख्रिस्ती झाले. आजोबा म्हणाले, “चाल चांगली आहे,” आणि पुढचा अभंग धरला.

१९ जानेवारी २०२५

मुदत संपली तेव्हा मी आणि नवापूरकरनं ताईंना पत्र लिहिलं : गाळप चालू आहे, पोरं आत्ता कुठे जोडाक्षरांपर्यंत आली आहेत, आम्हाला हंगाम संपेपर्यंत राहू द्या. वर्गातला अभ्यास रात्री करू. वरिष्ठांचं उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते नाराजीचं, पण परवानगी होती. जालनेकर नाताळनंतर परत गेली, तिच्या आईचं ऑपरेशन आहे. मुंबईकरनं रुग्णालयातून फोन केला. म्हातारी माणसं गिटार नको, पाय चेपून दे म्हणतात, असं सांगून स्वतःच हसला. मिरजकर म्हणे त्याच्यापेक्षा चांगले पाय चेपते.

२ मार्च, रविवार

ऊस संपला. यंदा बरेच कारखाने लवकर आटोपत आहेत. कोप्या एका सकाळीत मोडल्या. ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या, झोळ्या. गुरुजींनी शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाच्या हजेरीचा दाखला हातात दिला, गावी दाखवायला. मुकादमानं पुढच्या वर्षीची उचल ट्रॅक्टरवरच वाटायला घेतली होती. जाताना मला म्हणाला, “येताय ना पुढल्या साली? पोरांमुळे टोळीला खाडे कमी पडले.” अहवालाच्या रकान्यात हे बसत नाही.

२० एप्रिल, ईस्टर

वर्षाचा समारोप झाला. प्रत्येकानं आपलं पाचारण काय ते सांगायचं होतं. मुंबईकर धर्मशास्त्राच्या पदवीला जातो आहे. मिरजकरनं नर्सिंगचा फॉर्म भरला आहे. मला दोघा पाळकसाहेबांनी विचारलं, तू पाळक का होत नाहीस? आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत बायकांना दीक्षा मिळते. विचार करीन. आधी शिक्षकाची पदविका, डी.एल.एड., करायची आहे, कारण मला जोडाक्षरं नीट शिकवता येत नाहीत.

अहवाल मी एका पानात दिला. त्यात एकच सूचना आहे : तळावरचं क्षेत्रकार्य तीन आठवड्यांचं ठेवू नका. टोळी येते तेव्हा आमच्यासारख्यांना पाठवा आणि टोळी जाते तेव्हा परत बोलवा, शास्त्रपाठ त्या बेतानं मागेपुढे करा. तीन आठवड्यांत फक्त रकाने भरतात.

आज आमच्या मंडळीत उपासनेनंतर हे निवेदन वाचून दाखवलं : पुढच्या हंगामात मी आणि नवापूरकर त्याच तळावर जाणार आहोत. ज्यांच्या घरी पहिली ते चौथीची जुनी पाठ्यपुस्तकं, पाट्या, पेन्सिली, आणि झोळीला चालतील अशी मजबूत जुनी लुगडी असतील त्यांनी ती दिवाळीआधी पाळकसाहेबांकडे आणून द्यावीत. पैसे नकोत. सकाळी मुलांना हमरस्ता ओलांडून शाळेपर्यंत नेणारं कोणी आठवडाभर जरी येणार असेल, तर त्यांनी नाव नोंदवावं.