टाळी वाजवा, स्पेलिंग लिहा

इंग्रजीचे नाव काढले की आपल्या घरांतील मुलांच्या पोटात गोळा येतो. माझे माहेर शिरूरचे, सासर दौंडचे. दोन्हीकडे हेच पाहिले. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून झाले. पण घराघरांत स्पेलिंगची रीत तीच राहिली : घोका आणि दहा-दहा वेळा लिहा.

सुट्टीत शिरूरहून भाचा येतो. तो विचारतो, "आत्या, मराठीत बोलतो तसंच लिहितो, मग इंग्रजीत का नाही?" प्रश्न रास्त आहे. मराठीत अ, अ‍ॅ, आ, ए यांची चिन्हे वेगवेगळी. इंग्रजीत हे सगळे ओझे एकट्या 'ए' अक्षरावर. मग ते कुठे कसे बोलायचे? त्यासाठी शब्दाचे तुकडे पाडावेत. एका दमात बोलला जाणारा तुकडा म्हणजे सिलॅबल.

दौंड जंक्शनच्या पाट्यांवर हा धडा फुकट मिळतो. 'स्टेशन' म्हणजे स्टे आणि शन. पहिला तुकडा एस-टी-ए. तो स्वरावर संपतो, म्हणून 'ए' आपले नावच उच्चारते. 'प्लॅटफॉर्म'मधला 'प्लॅट' मात्र 'टी'ने बंद होतो, म्हणून तिथे 'अ‍ॅ'. स्टेशन आणि जंक्शन, दोन्हींतला 'शन' टी-आय-ओ-एन असा लिहितात. तो एकदा ओळखला की नेशन, अ‍ॅक्शन, एज्युकेशन हे शब्द अर्धे पाठ झाले.

दुसरा नियम मुक्या 'ई'चा. एच-ओ-पी म्हणजे हॉप, लंगडी उडी. शेवटी 'ई' लावली की होप, म्हणजे आशा. 'हॉपिंग'मध्ये 'पी' दोनदा येतो, 'होपिंग'मध्ये एकदाच. जादा 'पी' पहिला तुकडा बंद ठेवतो.

अपवाद आहेतच. 'हॅव'च्या शेवटी 'ई' असूनही त्याचे 'हेव' होत नाही. असे शब्द पाठच करावेत. निदान बाकीचे ओझे तरी उतरते.

अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी १७८३ साली तुकडे पाडून शिकवणारे स्पेलिंगचे पुस्तक काढले. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी मालकाची मनाई असताना वेबस्टरच्या पुस्तकातली अक्षरे गिरवली आणि १८४५ साली स्वतःचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. शिकवणीला पैसे नसलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

मायबहिणींनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाजवळून उठू नका. त्याला शब्द मोठ्याने बोलायला लावा, टाळी वाजवून तुकडे मोजायला लावा, मग एकेक तुकडा लिहायला लावा. टाळ्या मोजायला इंग्रजी लागत नाही.