कॉफीच्या डोंगरावरचे एक गाव

इंडोनेशियाच्या आचे प्रांताचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीमुळे. त्या दिवसांतली छायाचित्रे अनेकांना आठवत असतील : सारी वस्ती वाहून गेलेली आणि मधोमध एकटी उभी असलेली मस्जिद. पण आचे म्हणजे नुसता किनारा नव्हे. किनारा सोडून गाडी आत वळली की घाट सुरू होतो आणि वर गायो लोकांचा मुलूख लागतो. हे लोकही मुसलमानच, पण त्यांची भाषा वेगळी, रीतिरिवाज वेगळे. किनाऱ्यावरच्या आचेनी माणसाला गायो बोली कळत नाही.

या डोंगरात आम्ही २०२४ च्या ऑगस्टमध्ये सहा दिवस राहिलो. आमची थोरली मुलगी मलेशियात शिकते. तिच्याबरोबरची एक मुलगी गायो आहे. तिच्या मावशीच्या घरी आमचा मुक्काम होता. मलय आणि इंडोनेशियन या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की मुलीमुळे आमचे बोलणे अडले नाही. गावाचे नाव मात्र लिहीत नाही. पुढे घरातल्या पैशाअडक्याच्या गोष्टी यायच्या आहेत, आणि त्या लिहायची परवानगी आम्हाला याच अटीवर मिळाली.

बांदा आचेहून किनाऱ्याकिनाऱ्याने बिरेऊनपर्यंत यायचे. तिथून ताकेंगोन हे गायोंचे मुख्य शहर सुमारे शंभर किलोमीटर, सगळा चढ. शहर लाउत तावार नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी वसले आहे. लाउत तावार म्हणजे गोडा समुद्र. समुद्रसपाटीपासून उंची साधारण १२०० मीटर. आमचे गाव तिथून आणखी दोन तास दक्षिणेला, अजून उंचावर. शेवटचा टप्पा असा, की पाऊस झाला तर ड्रायव्हर आधी खाली उतरून रस्ता बघून येतो. एका वळणावर अर्धा डांबरी रस्ता दरीत गेलेला होता. उरलेल्या अर्ध्यावरून मोटारसायकली जात होत्या, काहींवर अख्खे कुटुंब.

विषुववृत्त इतके जवळ म्हणजे उकाडा असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. पण फजरला वजूचे पाणी हाताला झोंबायचे. दुपारी ऊन, चारनंतर ढग, रात्री दोन गोधड्या. इथे उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही, दिवस आणि रात्र बाराही महिने जवळजवळ सारखीच. मगरिबची वेळ वर्षभरात पाऊण तासाहून जास्त हलत नाही. रोजा कुठल्याही महिन्यात येवो, त्याची लांबी तीच. घरातल्या म्हातारीला आम्ही सांगितले की आमच्याकडे उन्हाळ्यातले रोजे मोठे असतात. तिला ते खरे वाटले नाही. तिने नातीला पुन्हा विचारायला लावले.

गावातल्या मस्जिदीत इमामसाहेबांनी फजरच्या दुसऱ्या रकातीत हात उचलून कुनूत पढली, तेव्हा आम्हाला अगदी घरी आल्यासारखे वाटले. आम्ही कोकणातले शाफई, आणि इंडोनेशियातही शाफईच मजहब. बायकांची सफ मागे, पडद्याआड, पण रोजच्या नमाजला भरलेली. त्या घरून निघतानाच मुकेना हा पांढरा, पायघोळ नमाजी पोशाख बरोबर आणतात. नमाज झाली की मस्जिदीच्या पायरीवर बायकांची बैठक बसते आणि गावातल्या निम्म्या गोष्टी तिथेच ठरतात.

घरधनिणीला आम्ही ‘इने’ म्हणत होतो. गायोत इने म्हणजे आई, अमा म्हणजे वडील. मोठ्या माणसाला नावाने हाक मारणे तिथे बरे दिसत नाही. थोरल्या मुलाच्या नावावरून अमुकची आई, तमुकचे वडील असे म्हणतात. आपल्याकडेही जुन्या बायका नवऱ्याला मुलाच्या नावाने अब्बा म्हणतच होत्या की. घर लाकडी भिंतींचे, पत्र्याचे. जुलै २०१३ मध्ये, रमजान आठवड्यावर आला असताना इथे मोठा भूकंप झाला. त्यात विटांची घरे कोसळली, कुराण शिकायला बसलेली मुलेही दगावली. तेव्हापासून इनेचा विटांवर विश्वास नाही. घरापुढे सिमेंटचे खळे, कॉफी वाळवण्यासाठी. पाणी वरच्या झऱ्यावरून नळीने आणलेले. वीज आहे, मोबाइल आहे, शिडीवर चढले तर इंटरनेटसुद्धा आहे.

जेवणात भात, तळ्यातले मासे, भोपळ्याची पाने, मिरची. ‘मसम जिंग’ नावाचा आंबट-तिखट माशांचा रस्सा इने करते. तो खाल्ल्यावर आपले सार आठवते, फक्त नारळ नाही. देपिक नावाची बोटाएवढी मासळी फक्त याच तळ्यात होते. ती सुकवूनही ठेवतात. परतीच्या वाटेसाठी इनेने आम्हाला गुतेल बांधून दिले. तांदळाचे पीठ आणि खोबरे मुठीत दाबून, केवड्यासारख्या वासाच्या पानात गुंडाळून वाफवलेले. पूर्वी लोक चालत प्रवास करायचे तेव्हाची ही शिदोरी.

आता कॉफीकडे येऊ, कारण हे गाव म्हणजे कॉफीच आहे. १९०४ मध्ये डच अधिकारी व्हान डालेन फौज घेऊन या डोंगरांत शिरला. बायकामुलांसह हजारो माणसे त्या मोहिमेत मारली गेली. त्यानंतर डचांनी रस्ता केला आणि कॉफीची लागवड सुरू केली. डचांनी जावा बेटावर कॉफी नेली होती ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून, सतराव्या शतकाच्या अखेरीस. आणि हिंदुस्थानात कॉफी कोणी आणली, तर चिकमगळूरच्या डोंगरावर ज्यांचे नाव आहे त्या बाबा बुदन यांनी, हजहून परतताना मोखाच्या बंदरातून सात बिया लपवून, असे परंपरा सांगते. म्हातारीला ही कथा फार आवडली. गायोची कॉफी एका हाजीची आहे, असे ती दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती. आम्ही मध्ये बोललो नाही.

आज गायोच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन आहे, २०१० पासून. अमेरिका-युरोपात ती चढ्या भावाने विकते. मळे मात्र लहान, एकेका कुटुंबाचे हेक्टर-दीड हेक्टरचे. झाडांवर सावलीला सुबाभूळ, मध्ये अवोकॅडो, संत्री, मिरच्या. तण काढणे, फळ वेचणे हे बरेचसे बायकांच्या हातचे काम. लाल झालेले फळच तोडायचे, हिरवे शेजारी राहू द्यायचे, म्हणजे एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाणे आले. तोडलेल्या फळाची साल त्याच दिवशी हाताच्या यंत्राने काढायची. चिकट बी रात्रभर ठेवायचे, सकाळी धुवायचे, खळ्यावर पसरायचे. ढग आले की सगळे घर ताडपत्री घेऊन धावते. हवा एवढी दमट की बी पूर्ण वाळेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून ओले असतानाच टरफल काढतात. ही पद्धत सुमात्राचीच. तिच्यामुळे दाण्याला निळसर रंग येतो आणि पेयाला जड चव, जिच्यावर परदेशी गिऱ्हाईक खूश असते.

मोठी तोड ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. ऑगस्ट म्हणजे हात रिकामे असण्याचा महिना. आणि कॉलेजांचे वर्ष सुरू होते तेही नेमके ऑगस्टमध्येच. इनेच्या थोरल्या मुलीला बांदा आचेला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. सहा महिन्यांची फी आणि खोलीचे भाडे भरायला दोन आठवडे उरले होते.

अशा वेळी गावात एक ठरलेला मार्ग आहे. त्याला ‘इजोन’ म्हणतात. गावोगाव फिरून कॉफी घेणारा व्यापारी असतो, त्याला तोके म्हणतात. तो मळ्यात येतो, झाडांवरच्या हिरव्या फळांवर नजर टाकतो आणि येणाऱ्या पिकाचे पैसे आज मोजतो. भाव अर्थातच त्याचा. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही आंब्याची कलमे मोहोरावरच दिली जातात.

रात्री चुलीपाशी यावरून बोलणे निघाले. अमाचे म्हणणे, तोकेला नाही म्हणू नये. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाचा ताप डोक्यात चढला तेव्हा रात्री एक वाजता तोकेचीच जीप आली होती. आचेत २०१० पासून सरकारी योजनेने उपचार मोफत आहेत, गावात प्रशिक्षित सुईण आहे, पण ताकेंगोनच्या दवाखान्यापर्यंत रात्री नेणार कोण? आणि संघर्षाच्या काळात, २००५ चा समझोता होण्याआधी, लोक मळे सोडून पळाले होते. परत आल्यावर कमरेएवढे गवत काढायला पहिली उचल तोकेच्या बापाने दिली, हे अमा विसरलेला नाही. त्याच्या दृष्टीने तोके सावकार नाही, नात्यातला माणूस आहे.

इनेचे म्हणणे वेगळे होते. तिने आवाज न चढवता सांगितले, की तिच्या वडिलांनी मदरशात शिकलेली गोष्ट तिला शिकवली आहे : फळ धरून पिकायला लागल्याशिवाय त्याचा सौदा करायला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मनाई केली आहे. अल्लाहने फळच येऊ दिले नाही, तर समोरच्याचे पैसे कशाच्या बदल्यात घेतले असे होईल? आणि मागच्या खेपेला पीक कमी आले तेव्हा राहिलेली रक्कम पुढच्या वर्षावर गेली होती, हेही तिला आठवत होते. अमाने मान खाली घातली. हदीस त्यालाही ठाऊक होती.

आम्ही बँकेचे विचारले. आचेत व्याजाची बँकच उरलेली नाही. प्रांताने २०१८ मध्ये कायदा केला, त्यानंतर सर्व बँका शरियतच्या नियमांवर आल्या आणि बाकीच्यांनी शाखा बंद केल्या. आपल्याकडे बिनव्याजी पतपेढीसाठी माणसे किती वर्षे धडपडत आहेत, त्यामुळे हे ऐकून आम्हाला फार कौतुक वाटले. इने हसली. बँकेला जमिनीचा दाखला लागतो. मळा अजून आजोबांच्या नावावर. वारस सात, त्यातले दोघे मेदानला. दाखला करायला जितका खर्च येईल तितकी तर फीच आहे. कायदा हलालचा झाला, पण तो घाट चढून या खळ्यापर्यंत आलेला नाही, आणि तोकेची जीप रोज येते. कर्ज बिनव्याजी आहे की नाही हे आपण फार तपासतो. ते गरजवंताच्या दारापासून किती लांब आहे हेही तितकेच विचारायला हवे, असे आम्हाला तिथे बसल्या बसल्या वाटत राहिले.

सहकारी संस्था आहेत. गायोत तर केवळ बायकांनी चालवलेल्या संस्थाही आहेत, आणि परदेशी गिऱ्हाइकाने दिलेल्या जादा रकमेतून रस्ते, शाळा असली कामेही होतात. पण इनेच्या गावातून संस्थेच्या गोदामापर्यंत पोते नेण्याचे भाडे गेले की हातात उरते ते तोकेच्या भावाच्या आसपासच.

चौथ्या दिवशी शेजारच्या घरी तोके आला. वयाने तिशीतला, अदबीचा माणूस. आम्हाला सलाम केला, हिंदी सिनेमांची चौकशी केली. शेजाऱ्याने अर्धा मळा दिला. त्याच्या मुलाचे लग्न होते. तोके मग इनेच्या खळ्यात आला. तिने कॉफी पुढे केली, लग्नाच्या गोष्टी केल्या. मळ्याचा विषय त्याने काढला नाही आणि तिनेही काढला नाही. तो गेल्यावर अमा बराच वेळ पावसाकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इने ताकेंगोनला निघाली. बरोबर मुलगी, मोटारसायकल अमाचीच, आणि चालवायलाही तोच. आचेत मेहेर सोन्यात ठरतो. मोजायचे माप मायाम, एक मायाम म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या किंचित वर. इनेच्या मेहेरची एक बांगडी आजवर मोडली नव्हती. ती तिची स्वतःची, तिने कोणाला विचारण्याचा प्रश्न नव्हता, आणि अमानेही काही म्हटले नाही. संध्याकाळी तिघे भिजून परत आले. मुलीच्या हातात फीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत होती. म्हातारीने ती पिशवी उलटसुलट करून पाहिली. तिला वाचता येत नाही, पण शिक्का कुठे आहे ते तिने बरोबर शोधले.

परतल्यावर मैत्रिणीकडून खबर कळत राहिली. त्या हंगामात कॉफीचा भाव जगभर वाढला. शेजाऱ्याचा अर्धा मळा ऑगस्टच्या भावाने आधीच गेलेला होता. इनेचे पीक बेताचे आले, पाऊस फुलावर पडला होता, पण जे आले ते तिने चालू भावाने विकले, आणि विकले तोकेलाच. मुलीचे दुसरे सत्रही तिने त्यातूनच भरले. बांगडी मात्र परत घेता आलेली नाही. सोन्याचा भावही मधल्या काळात चढला. मागच्या महिन्यात इनेने निरोप पाठवला आहे, की आम्ही पुन्हा येऊ तेव्हा ऑक्टोबरात यावे, तोडायला माणसे कमी पडतात.