योग्य वाटेल त्याप्रमाणे

व्यावहारिक मराठीचा पेपर विभागात कोणी आनंदाने घेत नाही. गेली काही वर्षे तो माझ्याकडे आहे. अर्ज आणि निवेदन ह्यांतला भेद शिकवताना मी मुलांना सांगते, की अर्ज समोरच्याच्या मर्जीवर सोडलेला असतो. निवेदन मात्र जे देणे आहे त्याची आठवण करून देते. पाठ्यपुस्तकांत हा भेद इतका स्पष्ट केलेला नसतो. मलाही तो नीट उमगला, तो फार दूरच्या एका गावाच्या हकिगतीमुळे.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेला, जेम्स बेच्या पश्चिम किनाऱ्यावर अटावापिस्कट हे क्री लोकांचे गाव आहे. वस्ती सुमारे दोन हजार. बारमाही रस्ता नाही. कडाक्याच्या थंडीत नद्या आणि दलदल गोठली, की काही आठवडे बर्फावरून वाहने जातात, उन्हाळ्यात सामान नावेने येते, एरवी विमान. जंगलात ऋतुमानाप्रमाणे हिंडणारे हे लोक व्यापारी कोठी आणि ख्रिस्ती मिशन ह्यांच्याभोवती हळूहळू स्थिरावले. ह्या गावाच्या मागण्या तीनच : राहायला घर, मुलांना शाळा आणि हातांना गावातच काम.

शाळेचीच गोष्ट घ्या. गावातल्या प्राथमिक शाळेखालून १९७९ मध्ये हजारो गॅलन डिझेल जमिनीत झिरपले. त्यानंतर दोन दशके मुले त्याच इमारतीत शिकत राहिली. अखेर २००० साली शाळा बंद झाली आणि त्याच दूषित जागेच्या शेजारी तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे तर मुलांनी हाडे गोठवणाऱ्या थंडीत बाहेर पडायचे. नव्या शाळेची आश्वासने येत आणि विरत. २००८ च्या मे महिन्यात आठवीच्या मुलांनी आपली सहल रद्द केली आणि ती थेट राजधानी ओटावाला गेली. त्यांच्यात तेरा वर्षांची शॅनन कूस्टाचिन होती. आदिवासी खात्याचे तेव्हाचे मंत्री चक स्ट्राल ह्यांनी शाळेसाठी निधी नसल्याचे सांगितले. मंत्र्यांचे दालन पाहून आपला वर्गही असा असता तर बरे झाले असते, असे ती मुलगी त्यांना म्हणाली. तिचे मागणे एवढेच होते : सुरक्षित आणि ऊबदार शाळा.

तिच्या आवाहनावरून देशभरच्या शाळकरी मुलांनी सरकारला पत्रे लिहिली. ती पत्रे अर्ज होती की निवेदने? ह्या प्रश्नाने मला जुन्या कागदांकडे नेले.

ह्या प्रदेशातील लोकांशी ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने १९०५-०६ मध्ये करार झाला. तो नववा करार म्हणून ओळखला जातो. अटावापिस्कट त्यात १९३० मध्ये सामील झाले. विस्तीर्ण भूमीच्या बदल्यात सरकारने जे देऊ केले, त्यात शिक्षकांचे पगार, शाळेची इमारत आणि शैक्षणिक साहित्य होते. म्हणजे शाळा हे देणे होते. मात्र कलमाच्या शेवटी एक पुस्ती आहे : सरकारला योग्य वाटेल त्याप्रमाणे. निवेदनाचा अर्ज करून टाकायला एवढी पुस्ती पुरते.

साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे एक नाव येथे येते. करार घेऊन नावेतून उत्तरेला गेलेल्या तिघा आयुक्तांपैकी एक होता डंकन कॅम्बेल स्कॉट, कॅनडाच्या इंग्रजी कवितेतील मान्यवर कवी. त्या प्रवासांतून त्याला कविता मिळाल्या. ‘द हाइट ऑफ लँड’ ही त्यांतली गाजलेली. हाच कवी १९१३ ते १९३२ आदिवासी खात्याचा सर्वोच्च अधिकारी होता. मुलांना शाळेत, तीही बहुधा घरापासून दूरच्या निवासी शाळेत, घालणे सक्तीचे करणारी १९२० ची कायदादुरुस्ती त्याच्याच कारकिर्दीतली. अटावापिस्कटची मुलेही फोर्ट ऑल्बनी येथील मिशनच्या निवासी शाळेत नेली गेली. शब्दांवर प्रेम असणे हे माणसाला न्यायी बनवण्यास पुरेसे नसते, हे आपण वर्गात क्वचितच बोलतो.

मला येथे एक विसंगती टोचते. शाळा जेव्हा मुलांना घरापासून तोडण्यासाठी होती, तेव्हा ती सक्तीची होती. तीच शाळा मुलांना घरी ठेवण्यासाठी हवी झाली, तेव्हा निधी नव्हता.

घरांचेही तेच. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये गावाच्या प्रमुख थेरेसा स्पेन्स ह्यांनी आणीबाणी जाहीर केली. काही कुटुंबे तंबूंत आणि थंडी न अडवणाऱ्या शेड्‌समध्ये राहत होती. राखीव जमिनीची मालकी कायद्याने राजसत्तेकडे असल्यामुळे ती तारण ठेवून घरकर्ज सहजी मिळत नाही. प्रत्येक फळी आणि खिळा नावेने किंवा बर्फाच्या रस्त्याने आणावा लागतो. सरकारने बावीस तयार घरे पाठवली खरी, पण त्याआधी गावाच्या खर्चावर बाहेरचा व्यवस्थापक नेमला. ती नेमणूक अवाजवी होती, असा निर्णय संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये दिला.

कामाचे म्हणाल, तर गावापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर २००८ मध्ये डी बिअर्सची हिऱ्यांची खाण सुरू झाली. गावातल्या काहींना कामे मिळाली, करारानुसार गावाला काही रक्कमही मिळे. स्वामित्वधन मात्र प्रांताच्या तिजोरीत जाई. ज्या गावाची शाळा डिझेलने बाधित झाली, तेथून भूवैज्ञानिक किंवा अभियंते कसे निघणार? आणि हिरे संपले की खाणही संपते. उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

घर, शाळा आणि काम ह्या तीन मागण्या सुट्या केल्या, की प्रत्येकीला नकार देणे सोपे होते. कामच नाही तर घरे कशाला? घरेच नाहीत तर शिक्षक राहणार कोठे? शाळाच नीट नाही तर कामाला लायक माणसे कशी मिळणार? हे वर्तुळ पुरे झाले, की उरते ते एकच उत्तर : गाव सोडा. तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे एप्रिल २०१६ मध्ये गावाने पुन्हा आणीबाणी जाहीर केली, तेव्हा माजी पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ ह्यांनी नेमके हेच सुचवले, की जेथे रोजगाराचा पाया नाही तेथून कधी कधी माणसांना हलावे लागते. हे गृहस्थ एकेकाळी आदिवासी खात्याचे मंत्री होते.

अलानिस ओबोमसाविन ह्यांचा शॅननच्या मोहिमेवरचा ‘हाय-हो मिस्टाहे!’ हा २०१३ चा माहितीपट मी वर्गात दाखवला, तेव्हा एका विद्यार्थिनीनेही तोच प्रश्न विचारला : ही माणसे शहरात का जात नाहीत? तिच्या मागे सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला एक मुलगा बसला होता. तो म्हणाला, “मॅडम, गावाजवळ कॉलेज असतं तर मी तरी इथे आलो असतो का?”

शॅनन स्वतः चांगल्या शिक्षणासाठी घरापासून शेकडो किलोमीटर दूर न्यू लिस्कर्डला गेली होती. २०१० मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती रस्त्यावरच्या अपघातात गेली. स्थलांतराचा सल्ला देणाऱ्यांनी तिची गोष्ट आठवावी. गाव सोडणे हा तिने आधीच करून पाहिलेला मार्ग होता. तिचा लढा मागे राहिलेल्या धाकट्या मुलांना तो मार्ग धरावा लागू नये ह्यासाठी होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये तिच्या नावाचा ठराव कॅनडाच्या संसदेत एकमताने संमत झाला आणि २०१४ साली अटावापिस्कटची नवी शाळा उघडली. मुलांच्या पत्रांनी हे घडवले ह्याचा आनंद आहेच. परंतु ज्या गोष्टीचे लेखी वचन १९३० मध्ये दिले गेले, ती २०१४ मध्ये मिळाल्याबद्दल कृतज्ञता कोणी कोणाविषयी बाळगायची? घरांचा आणि कामाचा प्रश्न तर शाळेने सुटत नाही. त्या गावाला तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात, कारण आपल्या नदीकाठी राहता येणे ही मुळात एकच गोष्ट आहे.

ह्या वर्षी निवेदनलेखन शिकवताना मी मुलांना एक सूचना अधिक देणार आहे. मसुद्याच्या अखेरीस आपण सवयीने लिहितो, ‘योग्य तो विचार व्हावा’. जे आपले देणे आहे त्याच्या निवेदनातून तेवढी ओळ गाळा.